याओ मिंगचं पाऊल आणि 65 सामन्यांची अट

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, ह्यूस्टन रॉकेट्स संघाकडून पहिल्या तीन हंगामांत चिनी खेळाडू याओ मिंग 246 पैकी 244 सामने खेळला. पुढच्या सहा हंगामांत 492 पैकी 242. पहिल्या आकड्याचं तेव्हा कौतुक झालं, दुसऱ्याबद्दल नंतर हळहळ व्यक्त झाली. खरं तर दुसऱ्या आकड्यातली बरीचशी वजाबाकी पहिल्या आकड्याच्या काळातच सुरू झाली होती. एनबीएने 2023-24 च्या हंगामापासून आणलेला 65 सामन्यांचा नियम मात्र हा हिशेब अर्धाच वाचतो.

नियम असा. एमव्हीपीसारखे (हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू) मोठे पुरस्कार किंवा हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या ‘ऑल-एनबीए’ संघातली जागा हवी असेल, तर 82 पैकी किमान 65 सामने खेळायचे, आणि एखाददुसरा अपवाद सोडला तर प्रत्येकात निदान 20 मिनिटं. जोडीला संघांवर वेगळी बंधनं आहेत: गेल्या तीन हंगामांत ऑल-स्टार किंवा ऑल-एनबीए ठरलेल्या दोन खेळाडूंना एकाच सामन्यात विश्रांती द्यायची नाही, राष्ट्रीय प्रक्षेपणाच्या सामन्यात तर तारा मैदानावर हवाच. मोडलं तर पहिला दंड एक लाख डॉलर, दुसरा अडीच लाख, पुढे दहा लाखांच्या वर. लीगचं म्हणणं सरळ आहे. ‘लोड मॅनेजमेंट’च्या, म्हणजे शरीरावरचा भार आटोक्यात ठेवण्याच्या नावाखाली धडधाकट खेळाडू बाकावर बसतात आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक फसतो.

प्रेक्षकाची तक्रार खोटी नाही. वर्षातून एकदाच गावात येणारा संघ, त्यातला एकच खेळाडू पाहायला मुलांना घेऊन आलेलं कुटुंब, आणि ऐन वेळी कळतं की साहेब आज सुटात बसणार. राग येणारच. प्रश्न एवढाच की त्या रागाचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं. याओची कारकीर्द जरा बारकाईने पाहिली तर ते खेळाडूच्या नावावर फाडणं चूक आहे, असं म्हणावं लागतं.

याओचा जन्म 12 सप्टेंबर 1980 चा, शांघायचा. आई-वडील दोघेही बास्केटबॉलपटू, आई तर चीनच्या महिला संघाची कर्णधार. नवव्या वर्षी तो क्रीडाशाळेत गेला. तेराव्या वर्षी शांघाय शार्क्सच्या कुमार संघात शिरण्यासाठी दिवसाला दहा-दहा तास सराव करत होता. वाढत्या हाडांवर दहा तास! एनबीएचं तोंड पाहण्याआधीच त्याचं पाऊल दोनदा मोडलं होतं, आणि त्यामुळे आपली उडी चार ते सहा इंचांनी कमी झाली असं त्यानेच सांगितलेलं आहे. म्हणजे 2002 च्या ड्राफ्टमध्ये, नव्या खेळाडूंच्या वाटपात, ह्यूस्टनने पहिल्या क्रमांकावर उचललेला हा 7 फूट 6 इंचांचा, पुढे 140 किलोपर्यंत गेलेला सेंटर कोऱ्या पायांनी अमेरिकेत आलाच नव्हता.

आला तोही अटींवर. चिनी बास्केटबॉल संघटनेने त्याला सोडताना कमाईतला हिस्सा मागितला आणि राष्ट्रीय संघासाठी बोलावू तेव्हा परत यायची हमी घेतली. ही धमकी पोकळ नव्हती. त्याच्याआधी अमेरिकेत गेलेल्या वांग झीझीने 2002 मध्ये राष्ट्रीय शिबिरासाठी परतायला नकार दिला, तर त्याला संघातून काढलं गेलं आणि त्याचं परतणं थेट 2006 मध्ये झालं. याओच्या डोळ्यांसमोर हे ताजं उदाहरण होतं.

आता उन्हाळे मोजा. 2002 मध्ये इंडियानापोलिसला जागतिक स्पर्धा, लगोलग बुसानला आशियाई खेळ, ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. आणि 30 ऑक्टोबरला एनबीएतला पहिला सामना. 2003 मध्ये आशियाई अजिंक्यपद. 2004 ला अथेन्स ऑलिंपिक. 2005 ला पुन्हा आशियाई अजिंक्यपद, दोहाला. 2006 ला जपानमध्ये जागतिक स्पर्धा, आणि तीही एप्रिलमध्ये डावं पाऊल मोडल्यानंतर चारच महिन्यांनी. सलग पाच उन्हाळे. एनबीएतला इतर खेळाडू एप्रिल-मे ते सप्टेंबर शरीर दुरुस्त करतो. याओसाठी तो दुसरा हंगाम होता. ह्यूस्टनच्या कागदावर त्याने 82 सामने खेळले, पण शिबिरं, सराव सामने आणि स्पर्धा धरून वर्षाचा आकडा किती झाला हे कुणाच्याच वहीत एकत्र लिहिलेलं नव्हतं. क्लब आपले सामने मोजत होता, संघटना आपले. पाऊल मात्र एकच होतं.

हाडांचं गणित इथे समजून घ्यायला हवं, कारण ‘दुखतंय तर गोळी घे आणि खेळ’ म्हणणारे नेमकं तेच विसरतात. हाड सतत मोडतं-जुळतं. भार वाढला की शरीर आधी जुना, थकलेला भाग खरवडून काढतं. हे काम दोन-तीन आठवड्यांत होतं. त्या जागी नवं हाड भरून ते टणक व्हायला महिने लागतात. मधल्या काळात ती जागा पूर्वीपेक्षा कमकुवत असते. त्याच काळात भार तसाच चालू राहिला तर सूक्ष्म चिरा भरून येण्याऐवजी साठत जातात. तार एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसंच. शेवटचा आघात अगदी किरकोळ असू शकतो. म्हणून ‘साध्या उडीत मोडलं’ अशा बातम्या येतात आणि लोक नशिबाला बोल लावतात.

याओला 2008 मध्ये जे हाड नडलं ते पायाच्या कमानीच्या माथ्यावरचं, होडीच्या आकाराचं नॅव्हिक्युलर. हे हाड घोट्याकडचं टॅलस आणि पुढची तीन छोटी हाडं यांच्या मध्ये चेपलेलं असतं. उडी घेताना आणि टेकताना दोन्ही बाजूंनी दाब येतो, आणि तो नेमका मधल्या तृतीयांशावर एकवटतो. त्याच मधल्या भागाला रक्तपुरवठा सगळ्यात कमी. रक्त कमी म्हणजे भरून येणं सावकाश. पावलाची कमान उंच असेल तर दाब आणखी वाढतो, आणि याओची कमान उंच होती. त्यात ही चीर साध्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही, सीटी किंवा एमआरआय करावा लागतो. सुरुवातीचं दुखणंही मोघम असतं: पावलाच्या वरच्या बाजूला, खेळताना ठणका, रात्री विश्रांतीनंतर गायब. खेळाडूला वाटतं बरं झालं. उपाय दोन. सहा ते आठ आठवडे पायावर अजिबात वजन न टाकता प्लास्टर, नाहीतर स्क्रू घालून शस्त्रक्रिया. दोन्हीत मैदानावर परतायला साधारण चार ते सहा महिने. स्क्रू तुटलेले भाग धरून ठेवतो. चीर ज्या भारामुळे पडली तो भार तो कमी करत नाही.

2007-08 मध्ये याओ सामन्याला सरासरी 37.2 मिनिटं खेळत होता, कारकिर्दीतली सर्वांत जास्त. आदल्या हंगामात उजव्या गुडघ्याचं हाड मोडून तो बरेच सामने बाहेर राहिला होता, त्याआधी डाव्या पायाच्या अंगठ्याच्या हाडात जंतुसंसर्ग होऊन शस्त्रक्रिया झाली होती, मग ते एप्रिलमधलं पाऊल. अशा माणसाची मिनिटं वाढवायची की कमी करायची? संघ जिंकत होता, सलग 22 विजयांची ती प्रसिद्ध मालिका चालू होती. तिच्यातला बारावा विजय झाला आणि 26 फेब्रुवारी 2008 ला चीर सापडली. 3 मार्चला स्क्रू बसले. 8 ऑगस्टला बीजिंग ऑलिंपिकमध्ये चीनचा ध्वज घेऊन तो संघासमोर चालत होता, आणि 10 ऑगस्टला अमेरिकेविरुद्ध सामन्यातली पहिली बास्केट त्याने तीन गुणांच्या रेषेबाहेरून टाकली. चीन तो सामना 70-101 असा हरला. पाच महिने म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या अगदी काठावरची मुदत, तीही 140 किलोच्या माणसासाठी.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे: याओला कुणी बेड्या घालून नेलं नव्हतं. बीजिंग हुकलं तर ती आपल्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी हानी ठरेल, असं तो स्वतःच म्हणाला होता. खरं आहे. पण म्हणूनच निर्णय त्याच्यावर सोडायला नको होता. घरच्या ऑलिंपिकला ‘मी येत नाही’ म्हणायची हिंमत कुठल्या खेळाडूत असते, आणि असली तरी देश ती खपवून घेतो का? ज्याला ‘नाही’ म्हणायची किंमत परवडत नाही, त्याच्या ‘हो’ला संमती म्हणणं ही सोय झाली.

त्यानंतर 2008-09 मध्ये 77 सामने, वर प्ले-ऑफ म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्या. ह्यूस्टनने 1997 नंतर पहिल्यांदा एक फेरी पार केली. दुसऱ्या फेरीत लेकर्सविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात त्याच पावलात पुन्हा चीर. या वेळी डॉक्टरांनी हाडाचा तुकडा बसवला आणि कमान खाली आणण्याची मोठी शस्त्रक्रिया केली. 2009-10 चा हंगाम पूर्ण गेला. 2010-11 मध्ये संघाने नियम केला: सामन्याला 24 मिनिटं, एक मिनिटही जास्त नाही. पाच सामने झाले, घोट्यात नवी स्ट्रेस फ्रॅक्चर (ताणामुळे पडणारी चीर) निघाली आणि 20 जुलै 2011 ला शांघायमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. वय 30. कारकिर्दीची सरासरी 19 गुण, 9.2 रिबाउंड, फ्री थ्रो 83 टक्के. एवढ्या उंचीच्या माणसाचे फ्री थ्रो इतके पडतात हे आजही अजब वाटतं. मिनिटांची मर्यादा आली ती सगळं मोडून झाल्यावर.

दुसरा आक्षेप: साडेसात फुटांचं शरीर आहे, ते मोडणारच, वेळापत्रकाला दोष कशाला? तर मग शॉन ब्रॅडली घ्या. उंची तीच, 7 फूट 6 इंच. 832 सामने खेळला, पण सामन्याला सरासरी साडेतेवीस मिनिटांच्या आसपास आणि वजनाने याओपेक्षा बराच हलका. याहून बोलकं उदाहरण झिड्रुनास इल्गौस्कसचं. 7 फूट 3 इंचांचा लिथुएनियन सेंटर, पायाचं दुखणं याओच्याच जातकुळीचं. 1998 ते 2001 या तीन हंगामांत मिळून तो 29 सामने खेळू शकला. मग पावलाची ठेवणच बदलणारी शस्त्रक्रिया झाली. क्लीव्हलँडने त्याला सावकाश, कमी मिनिटांवर परत आणलं, आणि तो 2011 पर्यंत, म्हणजे याओ निवृत्त झाला त्याच वर्षापर्यंत खेळला. लिथुएनियात बास्केटबॉल हा धर्म आहे, तरी ऑलिंपिक तो कधीच खेळला नाही. या दोघांवरून शास्त्रीय सिद्धता होत नाही हे मान्य. तीन माणसांवरून ती होतही नसते. पण ‘उंची म्हणजे अटळ नशीब’ हा दावा मात्र यांच्यासमोर टिकत नाही.

मायकल जॉर्डनचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो. 1985-86 मध्ये तिसऱ्याच सामन्यात त्याच्या डाव्या पायाचं हेच नॅव्हिक्युलर मोडलं. 64 सामने तो बाहेर होता. परतल्यावर शिकागोने सुरुवातीला सामन्याच्या प्रत्येक अर्ध्यात सात मिनिटं एवढंच खेळू दिलं, आणि तो त्यावर भयंकर चिडला होता. 20 एप्रिल 1986 ला बोस्टनविरुद्ध त्याने 63 गुण केले, तेव्हापासून गोष्ट अशी सांगितली जाते की खऱ्या वाघाला विश्रांती लागत नाही. गोष्टीतले 64 सामने सोयीस्करपणे गळतात. पुढच्या हंगामात तो सगळे 82 सामने खेळला, कारण आधी ते 64 सामने हाडाला मिळाले होते.

विश्रांतीला शिस्तीचं रूप दिलं ते सॅन अँटोनिओ स्पर्सच्या ग्रेग पोपोविचने. 29 नोव्हेंबर 2012 ला मायामीतल्या टीव्हीवरच्या सामन्याआधी त्याने टिम डंकन, टोनी पार्कर, मनू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन यांना सरळ घरी पाठवलं. लीगने अडीच लाख डॉलरचा दंड ठोकला. स्पर्सने 2014 ला विजेतेपद घेतलं तेव्हा डंकन 38 वर्षांचा होता. नंतर 2019 मध्ये टोरंटोने कवाय लिओनार्डला 82 पैकी 60 सामने खेळवलं आणि चषक उचलला. हा लिओनार्ड आदल्याच वर्षी मांडीच्या दुखापतीवरून स्पर्सच्या डॉक्टरांशी भांडून निघालेला. म्हणजे विश्रांतीचं माहेरघर समजल्या जाणाऱ्या संघातही खेळाडूचा संघाच्या डॉक्टरवर विश्वास उरला नव्हता. खरी मेख तिथे आहे.

लीगकडे एक पत्ता आहे. जानेवारी 2024 मध्ये तिने बऱ्याच वर्षांच्या आकडेवारीचा अहवाल पुढे केला: सामने चुकवल्याने दुखापती कमी होतात असं दिसत नाही. अहवाल खोटा आहे असं म्हणायचं कारण नाही. पण विश्रांती कुणाला दिली जाते? ज्याचं आधीच काहीतरी दुखतंय त्याला. त्याला पुढे दुखापत झाली म्हणून विश्रांती निरुपयोगी ठरवणं म्हणजे दवाखान्यात जाणारेच जास्त आजारी असतात, तेव्हा दवाखाने बंद करा असं म्हणण्यासारखं आहे. शिवाय एखादा सामना वगळणं ही मलमपट्टी. नव्या हाडाला महिने हवे असतात, एक मंगळवार नव्हे.

आता 65 चा नियम प्रत्यक्षात काय करतो ते पाहा. इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनला जानेवारी 2024 मध्ये मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत झाली. ऑल-एनबीए संघात आला तर त्याच्या करारात सुमारे 4 कोटी डॉलरची भर पडणार होती. तो लवकर परतला, अडखळत खेळला, 69 सामने पूर्ण केले, पैसे मिळाले. आणि नियम मूर्खपणाचा आहे हे त्याने उघड सांगितलं. त्याच महिन्यात फिलाडेल्फियाचा जोएल एम्बीड सामन्याला 35 च्या आसपास गुण करत होता. गुडघा दुखत असल्याने डेन्व्हरचा सामना ऐन वेळी सोडला, तर पळपुटा म्हणून टीका झाली. तीन दिवसांनी, 30 जानेवारीला, तो लंगडत गोल्डन स्टेटविरुद्ध उतरला. प्रतिस्पर्धी त्याच्या पायावर पडला, कूर्चा फाटली, शस्त्रक्रिया झाली, त्या हंगामात एकूण 39 सामने. पायावर पडणं हा अपघातच. पण त्या रात्री तो मैदानावर असायलाच नको होता. याच एम्बीडला 2014 आणि 2015 मध्ये याओसारखीच नॅव्हिक्युलरची दुखापत होती. तेव्हा संघाने दोन अख्खे हंगाम बाहेर ठेवलं, तिसऱ्यात मर्यादित मिनिटांवर 31 सामने दिले, आणि 2023 मध्ये तो एमव्हीपी झाला.

जून 2025 च्या अंतिम फेरीत हॅलिबर्टनची पोटरी ताणली गेली होती, तरी तो सातव्या सामन्यात उतरला आणि पहिल्याच सत्रात टाचेमागची अकिलीस कंडरा तुटली. 2019 मध्ये केव्हिन ड्युरंटचं हुबेहूब हेच झालं होतं: आधी पोटरी, मग अंतिम फेरी, मग अकिलीस. अंतिम सामन्यात कोण कुणाला थांबवणार हे समजू शकतं. नियमित हंगामातल्या चाळिसाव्या सामन्याला तोच दबाव नियमाने लादायचा, हे समजत नाही.

आपल्याकडेही हा वाद ओळखीचा आहे. जसप्रीत बुमराहच्या पाठीतलं दुखणंही ताणामुळे पडणाऱ्या चिरेच्याच जातीचं. 2023 मध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया झाली. 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात तो पाचपैकी तीन कसोटी खेळणार हे आधीच ठरलं होतं, तरी ‘देशासाठी खेळताना कसला वर्कलोड’ हे कट्ट्यापासून समालोचन कक्षापर्यंत ऐकू येत राहिलं. आयपीएलमधली षटकं आणि कसोटीतली षटकं एकाच वहीत लिहा, असं म्हणणारे मात्र थोडे.

मग करायचं काय? 82 सामन्यांचं वेळापत्रक 1967-68 पासून चालत आलंय. ते कमी करा म्हणणं सोपं. पण प्रक्षेपणाचा नवा करार 11 वर्षांचा, सुमारे 76 अब्ज डॉलरचा आहे, आणि खेळाडूंचे पगार उत्पन्नाच्या साधारण निम्म्या वाट्याशी बांधलेले आहेत. सामने घटले तर खेळाडूंचाही खिसा हलका होणार, म्हणून त्यांची संघटनाही या विषयावर फार जोर लावत नाही. शिवाय नुसती संख्या घटवून भागत नाही. 2020-21 मध्ये 72 च सामने होते, पण आधीचा हंगाम संपून जेमतेम दहा आठवडे झाले होते आणि सामने खच्चून भरलेले. त्या वर्षीचा प्ले-ऑफ जखमी ताऱ्यांसाठीच लक्षात राहिला. 2017-18 पासून लीगने पाच रात्रींत चार सामने हा प्रकार बंद केला, तो जास्त उपयोगी बदल. लागोपाठच्या रात्रीचे सामने अजूनही आहेत. आधी ते काढा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मोजमाप आणि सही कुणाची हे बदलणं. खेळाडूच्या वर्षभराच्या मिनिटांची वही एकच हवी, क्लब आणि राष्ट्रीय संघटना दोघांना बंधनकारक. ठरलेला आकडा ओलांडला की त्या उन्हाळ्यात बोलावणं नाही. चिनी संघटनेचा अध्यक्ष म्हणून 2017 ते 2024 याओ स्वतः टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसला, राष्ट्रीय संघाचे लाल आणि निळा असे दोन संच करून पाहिले, 2019 च्या घरच्या विश्वचषकातल्या अपयशाचा दोष स्वतःकडे घेतला. एका देशाच्या अध्यक्षाला हे एकट्याने जमणार नाही, हे त्यातून दिसलं. फिबा ही आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटना आणि एनबीए यांनी मिळूनच ते करावं लागेल.

आणि सही. खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या 2017 च्या करारात एनबीएने एक तजवीज केली: क्रिस बॉश या खेळाडूला झालेल्या रक्ताच्या गुठळ्यांसारखा जिवावरचा आजार असेल, तर खेळायला परवानगी द्यायची की नाही हे तीन डॉक्टरांचं स्वतंत्र मंडळ ठरवतं. क्लबच्या पगारी डॉक्टरचा शब्द तिथे शेवटचा नसतो, खेळाडूचाही नसतो. हेच मंडळ नॅव्हिक्युलर, पाठीचा मणका आणि अकिलीस यांच्या दुखापतींपुरतं वाढवायचं, आणि मंडळाने बाहेर ठेवलेले सामने 65 च्या हिशेबात खेळलेले धरायचे. यात कुणाला लपायला जागा उरत नाही: धडधाकट खेळाडूला बाकावर बसायला मंडळाची सही मिळणार नाही, आणि दुखऱ्या खेळाडूला चार कोटींसाठी उतरावं लागणार नाही. सध्याचा करार 2029-30 पर्यंत आहे, दोन्ही बाजूंना त्यातून एक वर्ष आधी बाहेर पडता येतं. खेळाडूंच्या संघटनेने तेव्हा उत्पन्नातल्या टक्केवारीच्या आधी हे कलम टेबलावर ठेवावं.